औंधचे बाळासाहेब आणि आपला पी.टी.चा तास



शाळेमुळे ओळख झालेल्या एखाद्या थोर व्यक्तीविषयी प्रत्येकाने लिहावं, असा संपादक मंडळाचा निरोप आला. ग्रुपवर लगेच नावं पडू लागली. कुणी कर्मवीर घेतले, कुणी सानेगुरुजी, कुणी न्यूटन. मी गणिताची शिक्षिका, तेव्हा मी रामानुजनवर लिहीन असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी मात्र औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्यावर लिहिते आहे. त्यांची आणि माझी ओळख पुस्तकात झाली नाही. ती झाली डोंगराच्या पायरीवर, धापा टाकताना.

आपली नववीची सहल आठवते का? लाल एसटी, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि औंधच्या यमाईचा डोंगर. तुम्ही सगळे ओरडत वर पळालात. मी निम्म्या पायऱ्यांवरच बसले. घरात मी अशक्त म्हणून प्रसिद्ध होते. आईची सर्दी-खोकल्याची चिठ्ठी माझ्या दप्तरात कायम असायची आणि ती दाखवून मी पी.टी.च्या तासाला वर्गात बसून गणितं सोडवायची. माझ्या अभ्यासूपणाचं सगळ्यांना कौतुक होतं. त्या दिवशी चिठ्ठी दाखवायला कुणी नव्हतं. पी.टी.चे सर मागून आले. आता उठाबशा काढायला लावतात की काय, अशी मला धास्ती. सर रागावले नाहीत. पायरीवर माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले की या गावचा राजा म्हातारपणीही रोज पहाटे सूर्यनमस्कार घालायचा, आणि तो काही पैलवान नव्हता, तुझ्यासारखाच पुस्तकात रमणारा माणूस होता. मग त्यांनी मला थांबत थांबत वर नेलं. वाटेत संग्रहालयात आपण राजा रविवर्म्याची चित्रं पाहिली आणि त्या राजाने स्वतः काढलेली चित्रंही पाहिली. राजा चित्रं काढतो याचं मला नवल वाटलं. राजा व्यायाम करतो याचं तेव्हा फारसं वाटलं नाही. ते वाटायला पुढची चाळीस वर्षं जावी लागली.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा, औंधचा. प्रतिनिधींचं घराणं हे छत्रपतींच्या दरबारातलं मोठं घराणं. परशुराम त्रिंबक हे त्यातले कर्ते पुरुष. वडील श्रीनिवासराव औंधच्या गादीवर होते. बाळासाहेब धाकटे, त्यामुळे गादी आपल्याकडे येईल असं धरून चालण्यासारखं काही नव्हतं. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून बी.ए. झाले आणि वडिलांच्या हाताखाली संस्थानचा कारभार शिकले. वडिलांच्या मागे गादी थोरल्या भावाकडे गेली, मग पुतण्याकडे, आणि १९०९ साली ती बाळासाहेबांकडे आली. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

संस्थान किती मोठं? सारं मिळून बहात्तर गावं, क्षेत्रफळ पाचशे चौरस मैलांच्या आसपास, आणि तेही सलग नाही. औंध खटावच्या माळावर, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या बाजूला, तर गुणदाळ पार विजापुराकडे. पाऊस कमी, खजिना बेताचा. अशा संस्थानच्या राजाने शिकारी आणि मोटारी यांत आयुष्य घालवलं असतं तरी त्या काळात कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. बाळासाहेबांचं मन दुसरीकडे होतं. ते कीर्तन करत, आणि तेही राजवाड्यातल्या चार माणसांपुढे नव्हे, तर लोकांपुढे उभं राहून. रामायणावर त्यांनी स्वतः चित्रमालिका काढली. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा या छोट्या संस्थानाने एक लाख रुपयांचं साहाय्य कबूल केलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून बिऱ्हाड हलवावं लागलं तेव्हा १९१० साली कुंडलजवळचा माळ त्यांना बाळासाहेबांनीच दिला, आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. तेव्हा हा माणूस केवळ दंड-बैठकांचा भोक्ता होता असं कुणी समजू नये. उलट इतक्या विद्यांत रमणाऱ्या माणसाने शरीराकडे इतकं लक्ष का दिलं, हाच मला प्रश्न पडला.

त्याचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या व्यायामाच्या कहाणीत आहे. तरुणपणी तेही त्या काळाच्या लाटेत होते. युजेन सँडो हा युरोपातला मोठा बलदंड माणूस, आणि त्याच्या पद्धतीचं तेव्हा जगभर वेड होतं. बाळासाहेबांनी सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि जवळजवळ दहा वर्षं त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. त्याचा त्यांना गुणही आला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर तिथेच राहिले.

नमस्कार त्यांनी शोधून काढले नव्हते. ते आपल्याकडे होतेच. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे, आणि सातारा भागात मारुतीच्या देवळापुढे नमस्कार घालणारी माणसं आपण लहानपणी पाहिलेली आहेत. बाळासाहेबांनी केलं ते एवढंच, की या व्रताला व्यायामाची शिस्त लावली. कोणत्या स्थितीत हात कुठे, पाय कुठे, कपाळ कुठे टेकायचं, श्वास केव्हा घ्यायचा आणि केव्हा सोडायचा, हे त्यांनी दहा अंकांत बसवलं. उभं राहणं, वाकणं, एक पाय मागे, मग दोन्ही मागे, साष्टांग, छाती वर, कंबर वर, पुन्हा पाय पुढे, वाकणं, उभं राहणं. एका नमस्कारात मान, पाठ, पोट, हात, मांड्या सगळं हलतं. सावकाश घातले तर अंग मोकळं होतं आणि भरभर घातले तर पाचव्या-सहाव्या नमस्काराला छाती धडधडू लागते. मी साठाव्या वर्षी हे करून पाहिलं आहे, म्हणून खात्रीने सांगते.

सँडोची साधनं सोडून त्यांनी नमस्कार का धरले असतील, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं ते राजा झाले हेच त्याचं कारण असावं. स्वतःपुरता विचार करायचा तर साधनं परवडत होती. पण आटपाडीच्या दुष्काळी गावातल्या पोराला साधनं कुठून आणणार? नमस्काराला लागते साडेतीन हात जागा. शाळेच्या ओसरीवर होतो, देवळात होतो, घरात चटईवर होतो. एका मास्तराला पन्नास मुलांकडून एकाच वेळी करून घेता येतो. खेळात अकरा मुलं खेळतात आणि बाकीची कडेला उभी राहून टाळ्या वाजवतात. नमस्कारात कडेला कुणी उरत नाही. चिठ्ठीवालीसुद्धा नाही!

औंध संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार हा रोजच्या शिक्षणाचा भाग झाला. तो मुलांसाठी होता तसा मुलींसाठीही होता. ही गोष्ट आज साधी वाटेल. त्या काळी मुलींनी शाळेत जाणं हेच कित्येक घरांत वादाचं होतं, मग त्यांनी घाम येईपर्यंत व्यायाम करणं तर दूरच. बाळासाहेबांनी त्याची सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. राणीसाहेब नमस्कार घालत, मुलं नमस्कार घालत. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून जगभर हिंडले. त्यांनीही मोठेपणी सूर्यनमस्कारांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. लहानपणी लावलेली सवय अंगात किती खोल उतरते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

याच औंधच्या शाळेत गदिमा शिकले. आटपाडीचे शंकरराव खरातही तिथे शिकले. माणदेशातल्या गरीब घरांतल्या मुलांना त्या गावात पुस्तकं, कीर्तन, चित्रं आणि व्यायाम हे सगळं एकाच ठिकाणी मिळत होतं. नमस्कारांमुळे कुणी कवी होतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण शरीर कमावण्यात गेलेला वेळ म्हणजे बुद्धीच्या वाट्याचा वेळ चोरीला गेला, असा हिशोब त्या गावात कुणी मांडत नव्हतं, एवढं खरं.

बाळासाहेब प्रचारकही होते. नमस्कारांवर त्यांनी पुस्तकं लिहिली. स्वतः नमस्कार घालून दाखवतानाचं त्यांचं जुनं मूक चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. मी ते नातवाच्या मोबाईलवर पाहिलं. साठीच्या घरातला माणूस, अंगात चड्डी, मुद्रा गंभीर, आणि कमरेत असा लवचिक की नातू म्हणाला, आजी, हे तुझ्या वयाचे वाटत नाहीत. १९३६ साली ते इंग्लंडला गेले. तिथल्या लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंना या सत्तरीकडे झुकलेल्या राजाच्या तब्येतीचं इतकं कुतूहल वाटलं की त्यांनी संपादित केलेलं बाळासाहेबांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघालं. आज जगभर योगवर्गांमध्ये लोक सूर्यनमस्कार घालतात. त्यामागे इतरही पुष्कळांचे कष्ट आहेत, पण त्या वाटेवरचं एक मोठं पाऊल आपल्या शेजारच्या औंधातून पडलं.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. नमस्कारांनी जवळजवळ सगळे आजार दूर राहतात अशी त्यांची श्रद्धा होती, आणि ती त्यांनी जरा जास्तच ताणली. आजच्या डॉक्टरांपुढे ती टिकणार नाही. चहा-कॉफीवर त्यांचा राग होता. आपल्या बॅचमधल्या निम्म्या लोकांना तर त्यांनी राज्याबाहेरच काढलं असतं. शिवाय राजाने सांगितलेला व्यायाम म्हणजे शेवटी हुकूमच, आणि मंत्रांसह घालायचा नमस्कार प्रत्येक घरातल्या मुलाला आपला वाटेलच असं नाही. शाळेत हे करताना मंत्र ऐच्छिक ठेवावेत आणि श्वास मात्र सगळ्यांनी घ्यावा, असं माझं मत. बाळासाहेबांच्या काळात हा प्रश्न त्यांना जितका छोटा वाटला असेल तितका तो नाही.

पण एक गोष्ट निर्विवाद आहे. जे दुसऱ्याला करायला सांगायचं ते आधी स्वतः करायचं, हा त्यांचा नियम व्यायामापुरता राहिला नाही. १९३८ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. गांधीजींचा सल्ला, अप्पासाहेबांची धडपड आणि मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरची मदत, यांतून १९३९ च्या जानेवारीत औंधची राज्यघटना झाली आणि कारभार गावपंचायतींकडे गेला. संस्थानिक अधिकार घट्ट धरून बसण्याचा तो काळ होता. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं, कैद्यांना भिंतीशिवाय ठेवणारी वसाहत. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आंखें बारह हाथ’ आपण शाळेच्या पटांगणात पडदा लावून पाहिला होता. त्याची प्रेरणा हे स्वतंत्रपूर, आणि त्याची कथा लिहिली औंधच्या शाळेत शिकलेल्या गदिमांनी. त्या रात्री आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होतं?

१९४८ च्या मार्चमध्ये औंध संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब गेले. वय ८२. गादी गेली, संस्थान गेलं, सूर्यनमस्कार राहिले.

आता मी हे सगळं तुम्हाला का सांगते आहे, ते लिहिते. हा भाग लिहायला मला जड जातो आहे. पण गुरुजनांपुढे खोटं बोलायची सवय आपल्याला शाळेने लावली नाही.

मी ३१ वर्षं गणित शिकवलं. आपल्या शाळेत नव्हे, दूर एका शहरात. दहावीचा वर्ग नेहमी माझ्याकडे. दिवाळी झाली की अभ्यासक्रम संपायची घाई सुरू होई, आणि मी पी.टी.च्या सहकाऱ्याकडे जाऊन त्यांचा तास मागून घेई. ते भले गृहस्थ. नाही म्हणत नसत. पुढे पुढे तर मागावाही लागला नाही. वेळापत्रकात पी.टी. लिहिलेलं असे आणि फळ्यावर भूमिती असे. पालकही खूश, मुख्याध्यापकही खूश. मैदानावर दुपारी कुत्री झोपलेली असत.

एका वर्षी काय झालं, मैदानाचं काही काम निघालं म्हणून दहावीचा पी.टी.चा तास सकाळी दुसरा आला आणि माझा तिसरा. पहिल्या दिवशी मी वैतागले. मुलं घामाघूम होऊन आली, पाण्याच्या बाटल्यांचा खडखडाट, वर्गात घामाचा वास, पाच मिनिटं कुणी जागेवर बसेना. पण त्यानंतरची तीस मिनिटं मी आजवर विसरलेले नाही. खिडकीबाहेर कुणी पाहत नव्हतं. मागच्या बाकावरची पेंगणारी मुलं फळ्याकडे बघत होती. मला वाटलं, आज योगायोग असेल. पण ते सत्र संपेपर्यंत तसंच चाललं. त्या तीन महिन्यांत तिसऱ्या तासाला मला एकदाही डस्टर आपटावा लागला नाही.

आणि हे डोळ्यांनी पाहूनही पुढल्या दिवाळीनंतर मी पुन्हा तास मागून घेतला. गणिताची बाई, समोर उत्तर लिहिलेलं, तरी चुकीचं गणित सोडवलं.

त्याच काळात एक मुलगी होती. कबड्डीत जिल्ह्यापर्यंत गेलेली, गणितात पन्नाशीच्या आसपास. दहावीला खेळ बंद कर, असा सल्ला मीच तिच्या आईला दिला. खेळ बंद झाला. मार्क होते तेवढेच राहिले. वर्गात मात्र ती हळूहळू गप्प होत गेली. परीक्षेनंतर पेढे द्यायला आली तेव्हा मी विचारलं, आता पुन्हा खेळणार ना? ती हसली आणि मान हलवली. ती नाही म्हणाली की हो, हे मला तेव्हाही कळलं नाही. मैदानावर ती मला पुन्हा दिसली नाही.

माझ्या पंचावन्नाव्या वर्षी हाडांची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलं. त्यांनी समजावलं की हाडांची पुंजी मुख्यतः वाढीच्या वयात जमते, उड्या मारण्यातून, पळण्यातून, अंगाचं वजन हातापायांवर पेलण्यातून. पुढे आयुष्यभर आपण तीच खात असतो. मला आईच्या चिठ्ठ्या आठवल्या. त्या चिठ्ठ्यांचं व्याज मी आज भरते आहे. आईला दोष नाही, तिने काळजीपोटी लिहिल्या. पण मी माझ्या विद्यार्थ्यांना तशाच चिठ्ठ्या वर्षानुवर्षं देत आले, त्यांनी न मागता.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस चांगला दम लागेल आणि स्नायू-हाडं मजबूत होतील असा व्यायाम हवा. आपण लहान असताना हे साठ मिनिटं कुणी मोजत नव्हतं. शाळेत चालत जाणं, विहिरीत पोहणं, लगोरी, सूरपारंब्या, पंधरा ऑगस्टच्या लेझमीची महिनाभर चाललेली तालीम, यांतच ते भरून निघायचं. आज माझा नातू रिक्षाने शाळेत जातो, रिक्षाने क्लासला जातो आणि घरी येऊन मोबाईल घेऊन बसतो. त्याच्या वाट्याला दम लागण्याची एकच हक्काची जागा उरली आहे, शाळेतला तो एक तास. आणि तोच माझ्यासारख्या बाया मागून घेतात.

आणखी एक गोष्ट मला बाळासाहेबांचं चरित्र वाचताना उमगली. आपल्या शाळांमध्ये मुलाला शरीर कष्टवायला आपण केव्हा सांगतो? गृहपाठ केला नाही तर उठाबशा. उशिरा आला तर मैदानाला फेऱ्या. बोलला तर अंगठे धरून उभा राहा. व्यायाम ही मुलाला पहिल्यांदा भेटते ती शिक्षा म्हणून. आणि खेळायला सोडणं हे बक्षीस, तेही अभ्यास झाल्यावर, वेळ उरला तर. बाळासाहेबांनी व्यायामाला जो प्रकार निवडला त्याचं नावच नमस्कार. पहाटे उठून कुणाला तरी आदराने वाकून केलेला. तो शिक्षाही नव्हता आणि बक्षीसही नव्हता. दात घासण्यासारखा, जेवण्यासारखा रोजचा होता, आणि राजापासून मुलापर्यंत सगळ्यांना सारखा होता. मी ३१ वर्षांत एकदा तरी माझ्या मुलांबरोबर मैदानावर उतरले का? नाही उतरले. आपले पी.टी.चे सर मात्र पायरीवर माझ्याशेजारी बसले होते आणि माझ्या चालीने वर चढले होते.

म्हणून मित्रांनो, आता ग्रुपवर चाललेल्या वादाकडे येते. मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं? बहुमत डिजिटल वर्गाकडे आहे हे मला दिसतं आहे. त्याला माझा विरोध नाही. पडदे येतील, सरकारकडूनही येतील. पण आपलं मैदान पाहून या. पावसाळ्यात तळं होतं, लांब उडीच्या खड्ड्यात वाळू नाही, आणि मुलींना कपडे बदलायला आजही खोली नाही. आपल्या वेळीही नव्हती. आपल्या वर्गातल्या किती जणी आठवीनंतर मैदानावर यायच्या बंद झाल्या, ते आठवून पाहा. त्या सगळ्या काही माझ्यासारख्या अशक्त नव्हत्या. माझी विनंती एवढीच, की निधीचा निम्मा वाटा तरी मैदान सपाट करायला, वाळूला आणि त्या एका खोलीला द्यावा. माझा वाटा मी त्यासाठी वेगळा पाठवला आहे. आणि शाळेने एवढंच कबूल करावं, की दहावीचा पी.टी.चा तास दिवाळीनंतरही दहावीचाच राहील. गणिताच्या बाईने कितीही गोड बोलून मागितला तरी.

दुसरी विनंती आपल्या सगळ्यांना. मेळाव्याच्या दिवशी नाश्ता नऊला आहे. मी आठला मैदानावर असेन. ज्यांचे गुडघे परवानगी देतील त्यांनी यावं. डॉक्टरांना विचारून यावं, उगाच पराक्रम नको. पाच-पाच नमस्कार घालू. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी खुर्चीवर बसून हात वर करावेत. शाळेची आताची मुलं बघायला येतील, हसतील. हसू देत. आजवर त्यांनी मोठ्यांना मैदानावर फक्त शिट्टी वाजवताना आणि भाषण करताना पाहिलं आहे.

आणि सर, आपण येणार आहात असं कळलं. आपलं वय आता पंच्याऐंशीच्या पुढे. आपण फक्त कट्ट्यावर बसा आणि मोजा. यावेळी मी चिठ्ठी आणणार नाही.

आपली,
१९८१ च्या दहावी ‘अ’ मधली तिसऱ्या बाकावरची एक विद्यार्थिनी